बांधावरचा आपटा

रोह्याजवळच्या आजोळी माझे दोन मामा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतात. मध्यंतरी काही वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. कारण, शेताच्या बांधावरचा आपटा. धाकट्या मामांनी राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, त्याच्या फांद्या न विचारता तोडल्या. शेवटी एका वर्षी थोरल्यांनी जाहीर केलं, "दसरा झाला की मुळासकट काढतो. नाय झाड, नाय तंटा."

त्या झाडाचं सोनं लुटत मी मोठी झाले. आता पेणला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. म्हटलं, शास्त्रच वापरून बघू.

दसऱ्याला थोरल्यांच्या ओटीवर बसले आणि वर्गात लावते त्याहून मोठा आवाज लावला. भिंतीपलीकडे एकही शब्द वाया जायला नको.

"आपटा, कांचन, या सगळ्या वंशाचं शास्त्रीय नाव बौहिनिया. ते दोन सख्ख्या भावांच्या आडनावावरून ठेवलंय. दोघंही झाडांचे अभ्यासक. पान बघा ना, वर दोन पाळ्या, खाली देठाशी एक."

थोरल्यांनी सुपारी कातरत विचारलं, "त्यातली थोरल्याची कोणती?"

हे कुठल्याच पुस्तकात नाही. "उजवी," मी ठोकून दिलं.

भिंतीपलीकडून आवाज आला, "त्यांना सांग, उजवी बारीक असते."

"त्याला सांग गो, कंपनीत शिफ्टा करून पानं कळत नाय."

"पान हातात घेऊन बोला म्हणावं."

"मग घेऊन ये ना."

वाल सोलणाऱ्या मामींचा हात थांबला. हे वाक्य माझ्यामार्फत गेलं नव्हतं.

धाकटे पान घेऊन आले. थोरल्यांनी चष्मा लावला, पान घेतलं, नखानं मापलं. "सारख्याच हायत."

"मामा," मी म्हटलं, "दसऱ्याच्या दिवशी धाकट्याच्या हातून सोनं घेतलंत."

थोरल्यांनी चष्मा काढला. "आईवर गेलीस अगदी." घेतलेलं सोनं परत देत नाहीत, आणि धाकटे तर पायाशी वाकलेही होते.

"सोन्यासारखा राहा," थोरले पुटपुटले. "पण फांद्या विचारून तोडायच्या."

"व्हय. पण बांध माझा पण हाय."

ते भांडण अजून चालू आहे, आता तोंडावर. यंदा राबाला दोघांनी आपापल्या बाजूच्या फांद्या तोडल्या. आपटा पार बोडका झालाय, पण मुळावर उभा आहे. दसऱ्यापर्यंत फुटेल.