डब्याच्या बुडावरची तारीख

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की दह्याचा न उघडलेला डबा कचऱ्यात टाकला, कारण त्यावरची तारीख आदल्या दिवशी संपली होती. उघडून वास तरी घेतलात का, असं मी विचारलं तर हसलात. वर हेही म्हणालात की तिकडे आता सगळ्या डब्यांवरच्या तारखा एकाच पद्धतीनं छापायचं घाटतं आहे. फार लवकर सुचलं म्हणायचं! म्हणून हे लिहिते आहे.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही शेवगावला होतो. माझे धाकटे दीर तालुक्याच्या कचेरीत अधिकारी होते. शिक्का दिसला की त्यांची मान आपोआप लवायची. शिक्का कशाचा, हे विचारण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही.

त्या वर्षी जाऊबाईंना मुलगी झाली आणि त्यांना दूधच येईना. गवळ्याच्या म्हशी चारा छावणीत, आटलेल्या. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून नगरच्या औषधाच्या दुकानातून दुधाच्या पावडरचे डबे मिळायचे, तेही दुकानदाराची मर्जी असेल तर. पहिल्या खेपेचे डबे एका कारखान्याचे होते. त्यांच्या बुडावर तारीख होती, आणि तोपर्यंत वापरावे असं तिच्याशेजारीच छापलेलं होतं. दिरांनी ते वाचलं आणि त्यांचं शिक्षण तिथे पूर्ण झालं. लगेच त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्यांवरही खळीनं चिठ्ठ्या चिकटवल्या. लोणच्याला शेवटची तारीख, पापडाला शेवटची तारीख, मिठाला सुद्धा. मिठाला!

दुसऱ्या खेपेला डबे आले ते वेगळ्या कारखान्याचे. बुडावर नुसती तारीख, काही महिन्यांपूर्वीची. शेजारी एक अक्षर नाही. दुपारी मी मागच्या दारी गेले तर दीर खड्ड्यात पावडर ओतून वर चुना टाकत होते, गोरगरिबांनी उचलून खाऊ नये म्हणून. गावाबाहेर दुष्काळी कामावर बायका दिवसभर खडी फोडत होत्या आणि हे गृहस्थ दूध पुरत होते. एकच डबा उरला होता, तोही त्यांच्या हातात. आत बाळ रडत होतं. रडण्यातला जोर गेला होता, आणि मला भीती वाटली ती त्याची.

"भावजी, हे काय चाललंय?"

"तारीख उलटलीय, वहिनी. विष आहे हे."

"मग आज बाळाला काय पाजणार? कचेरीची शाई?"

"थट्टा नको. नियम म्हणजे नियम."

मी डबा त्यांच्या हातून ओढून घेतला आणि फिरवला. गुटगुटीत बाळाच्या चित्राखाली इंग्रजीत स्वच्छ छापलं होतं की डबा भरल्याची तारीख बुडावर पाहावी आणि तेव्हापासून वर्षभरात पावडर वापरावी. मी ते मोठ्यानं वाचलं. त्यांनी बूड वर केलं, परत बाजू पाहिली, आणि म्हणाले, "हे इथे छापतात होय? त्यांनी खाली छापायला हवं होतं."

कारखान्याचा गाढवपणा खराच. पण डबा गोल असतो, तो फिरवता येतो, एवढं ज्ञान पदवीधराला असायला हरकत नव्हती.

तेवढ्यात जाऊबाई दारात आल्या. "ताई, द्या तो डबा. पण खरंच चांगलं आहे ना हो?"

नवऱ्याच्या शब्दावर त्यांचा आंधळा विश्वास होता. वाचून दाखवलेलं त्यांना पुरेना. मी झाकण उघडलं, वास घेतला आणि चमचाभर कोरडी पावडर तोंडात टाकली. टाळूला चिकटली, गोड लागली. दीर माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले, जणू मी आत्ता कोसळणार. मी पाणी उकळायला ठेवलं.

बाळ वाटीभर प्यायलं आणि झोपलं. जाऊबाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि रडल्या. दीर कचेरीत निघून गेले. खड्ड्यातलं दूध चुन्यात गेलं ते गेलंच. पुढची खेप येईपर्यंत त्या एका डब्यावर आम्ही बाळाला जगवलं, पावडर चमच्यानं सपाट करून मोजत.

संध्याकाळी मी सगळ्या बरण्यांवर ओलं फडकं दाबलं आणि दिरांच्या चिठ्ठ्या नखांनी खरवडल्या. नव्या चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहिली: भरल्याची तारीख, आणि ती भरल्याची आहे हे अक्षरांत. पुढचं नाकानं आणि जिभेनं ठरवायचं. कारखान्यांनी मात्र आपापल्या मनाप्रमाणे छापणं सोडलं नाही.

आमच्या घरात अजून तशाच चिठ्ठ्या लागतात.