कुंपणाचा कागद

लोणावळ्याला आम्ही पाच-सहा पुरुष रविवारी एका बंगल्यावर जमत असू. आपसांत आम्ही स्वतःला 'आपल्यातले' म्हणायचो. आमच्यासारख्यांसाठी बाकीचे जे शब्द तेव्हा होते, त्या सगळ्या शिव्या होत्या. बंगला मुंबईच्या एका शेठचा. त्याची बायको-मुलं मुंबईत, आणि रविवारपुरता तो आमचा. पुण्याचा एक प्राध्यापक यायचा, तो परमिटवर मिळवलेली शेठची दारू पीत पीत समतेवर बोलायचा. मी ते मान डोलावत ऐकायचो. आज ते आठवलं तरी शिसारी येते.

मी तळेगावजवळच्या एका कारखान्यात कारकून होतो. युनियनची पत्रकं लिहायचो. पगारातला वाटा सुदुंबऱ्याला थोरल्या भावाकडे जायचा, काही वर्गणीत जायचा, उरलेल्यात खानावळ भागायची. शिल्लक टाकणं मला पटत नव्हतं. पैशाला पैसा जोडणं म्हणजे कुणाच्या तरी घामावर हात मारणं, असं मी सभांतून सांगायचो आणि ते मला खरंच वाटायचं.

त्याच बंगल्यावर मला तो भेटला. रेल्वेत सांधेवाला होता, अंदर मावळातल्या खेड्यातला. त्याचं हसणं मोठं होतं आणि हात तेलकट. तो चौघांच्यात एका क्वार्टरात राहायचा, मी एका म्हाताऱ्या विधुराच्या माडीवर. माझ्याकडे पाहुणा दुसऱ्यांदा आला की तो विधुर जिन्यात खाकरायचा. दोन वर्षं आम्ही आठवड्यातून एक दुपार एकमेकांना भेटत होतो, तीही दुसऱ्याच्या छपराखाली.

एका रविवारी जेवणानंतर शेठनं मला व्हरांड्यात बोलावलं.

"तुझ्या नावावर शेती आहे ना?"

"भावाच्या जोडीनं आहे. सुदुंबऱ्याला."

"मग झालं. वरचा ठाकरांचा उतार मला घ्यायचाय. कायदा म्हणतो, शेतजमीन शेतकऱ्यानंच घ्यावी. तू घे. पैसे माझे, नाव तुझं."

तो उतार मला ठाऊक होता. तिथल्या झोपडीत एक ठाकर म्हातारा-म्हातारी राहायची. वर नाचणी-वरई पिकवायची. म्हातारी बंगल्यावर करवंदं आणि सरपण घेऊन यायची. तिची करवंदं मी खाल्ली होती. शिवाय वर्षापूर्वी त्यांच्या वाडीवर सभा घेऊन, "जमिनी विकू नका," असं मीच गळा फोडून सांगितलं होतं.

मी नाही म्हणालो. शेठ रागावला नाही.

"मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत," तो म्हणाला. "तुम्ही दोघं राहा. भाडं नको. कुणी विचारणार नाही. आणि म्हातारपणी तुला कोण बघणार आहे, कॉम्रेड? तुझी युनियन?"

मी आठ दिवस विचार केला असं म्हणतो. खरं तर पहिल्याच दिवशी मनात त्या खोल्यांत आमची दोन अंथरुणं पडली होती.

वडगावच्या कचेरीत मी आणि तो म्हातारा एकाच बाकावर बसलो. शेठच्या माणसानं त्याला सांगितलं होतं की बंगल्याचं कुंपण पुढं सरकवायचंय, एवढ्यापुरता कागद आहे, नाचणी तू करतच राहा. म्हाताऱ्याच्या फडक्यात नोटा बांधलेल्या होत्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. सभेतला माणूस ओळखीचा वाटला असावा.

"भाऊ, ह्यो कुंपणाचाच कागद हाय न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

एरवी मी व्हय म्हणत नसे. खेड्यातली बोली मी शहरात आल्यावर टाकली होती. त्या दिवशी त्याला भरवसा वाटावा म्हणून ती बाहेर काढली. त्यानं अंगठा उठवला आणि शाईचा हात धोतराला पुसला.

खोल्यांत राहायला गेलो तेव्हा सांधेवाल्याला मी एवढंच सांगितलं की शेठनं दिल्यात. त्यानं विचारलं नाही. पहिल्या सकाळी स्टोव्हवर चहा ठेवून तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "हितं कुनी खाकरत न्हाई." आम्ही पोटभर हसलो. खोटं कशाला बोलू, ते दिवस सुखाचे होते. त्यांचीच मला जास्त किळस येते.

पावसाळ्याच्या तोंडावर उताराला तारा लागल्या. म्हातारा नांगर घेऊन गेला तर शेठच्या रखवालदारानं त्याला हाकललं. दुसऱ्या दिवशी म्हातारी आमच्या मागच्या दाराशी आली. मी आत दाढी करत होतो. दार त्यानं उघडलं.

"धनी हायती का?" तिनं विचारलं.

"कोन धनी?"

"जिमिनीचं. तलाठी म्हनला, ह्यांच्याच नावावर हाय. त्यांना म्हनावं, यवडं पीक तरी घिऊ द्या. बी टाकायचं राह्यलंय."

मी साबणाच्या तोंडानं आतच उभा राहिलो. म्हातारी जाईपर्यंत बाहेर आलो नाही. त्यानं दार लावलं आणि माझ्यासमोर येऊन बसला. मी सगळं सांगितलं.

त्यानं खुंटीवरचा पंचा माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "मी इचारलं न्हाई, ही माजी चूक. पन तू बोलला न्हाईस." आणि लगेच, "कागदावर मालक तूच हायस ना? मग परत कर. सोपं हाय."

खरंच सोपं होतं. रविवारी सगळ्यांसमोर मी शेठला सांगितलं की जमीन म्हाताऱ्याच्या नावावर परत करणार आहे. शेठ कोंबडीचा तुकडा चावत होता. तो चावून गिळला आणि रुमालानं बोटं पुसली.

"कर ना. मी तुझ्या भावाला एक पत्र टाकतो. एक कारखान्यात. तुम्ही दोघं मागं कसे राहता, तेवढंच लिहीन. यात खोटं काय आहे?"

मी प्राध्यापकाकडे पाहिलं. तो ताटाकडे पाहत म्हणाला, "आपल्या लोकांना ही एकच जागा आहे. ती घालवू नकोस. विचार वेगळे, व्यवहार वेगळा."

बाकीचे जेवत राहिले. पत्र लिहिणारा शेठ स्वतःही आमच्यातलाच होता, पण त्याच्या घरी असं पत्र कोण टाकणार? आणि टाकलं तरी त्याचं काय बिघडणार? त्याच्याकडे बंगले होते. भीती आम्हा सगळ्यांची सारखीच, असं मी तोवर समजत होतो.

सांधेवाला उठला. मागं जाऊन त्यानं पत्र्याच्या ट्रंकेत कपडे भरले आणि मला म्हणाला, "चल."

मी गेलो नाही. ताटावर बसून राहिलो. वाढपी भात घेऊन आला तेव्हा मी घेतला, आणि खाल्ला.

तिथं मी एकटा आणखी आठ महिने राहिलो. भाडं पडत नव्हतं ना! सकाळी कारखान्यात कष्टकऱ्यांच्या हक्काचं पत्रक लिहायचो, संध्याकाळी त्या खोलीत येऊन झोपायचो. तारांपलीकडे गवत माजलं होतं. पुढं शेठला जमिनीसाठी दुसऱ्या शेतकऱ्याचं नाव मिळालं. मी दुसऱ्या कागदावर सही केली. त्यानं हातावर पाचशे रुपये ठेवले आणि खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. पैसे मी घेतले. घेताना हात मागं गेला नाही, हे मला लिहिलंच पाहिजे.

ठाकर जोडपं तोवर लेकीच्या वाडीवर गेलं होतं. शोधत गेलो. म्हातारी उखळात कांडत होती. मी नोटा पुढं केल्या, क्षमा मागायला तोंड उघडलं.

"ठिवा तितं," ती म्हणाली, आणि मुसळ थांबलं नाही. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून होता. तो उठला नाही.

सांधेवाल्याची बदली बेगडेवाडीला झाली होती. त्यानं स्टेशनाजवळ एक खोली घेतली होती. एका दुपारी मी पिशवी घेऊन दारात उभा राहिलो. त्यानं मला बघितलं, पिशवी बघितली, आणि आत येऊ दिलं. शेजारी विचारायचे तेव्हा तो मला मावसभाऊ म्हणायचा.

आम्ही तिथं सोळा वर्षं काढली. तो मला कधी टाकून बोलला नाही. तापात त्यानं माझे पाय चेपले, माझ्या आईच्या दहाव्याला माझ्यामागं उभा राहिला. पण पगाराच्या दिवशी मी माझी नोटांची घडी फळीवर ठेवून "आपली सगळी एकत्र ठेवूया," असं पहिल्यांदा म्हणालो, तेव्हा त्यानं ती उचलून माझ्या खिशात परत घातली.

"तुजं तुजं, माजं माजं," तो म्हणाला.

मग तसंच चाललं. तांदूळ त्याचे, रॉकेल माझं. एक महिना चहा-साखर तो आणायचा, एक महिना मी. खाजगी मालकीविरुद्ध मी आयुष्यभर बोललो आणि माझ्याच घरात दोन फळ्या होत्या, एक त्याची, एक माझी. त्याची फळी मी कधी चाचपली नाही. तेवढं तरी मी केलं.