मूठभर पीठ

चर्चच्या मागच्या खोलीत पाववाली मावशी राहायची. एकटी विधवा. हाताला चव आणि जिभेला धार. दर शनिवारी प्रत्येक घरातून तिच्याकडे मूठभर पीठ जायचं. ते सगळं एकत्र मळून ती रविवारच्या प्रभुभोजनासाठी एकच मोठा पाव भाजायची. तो मोडताना पाळकसाहेब म्हणायचे, "घरं अनेक, पाव एक. प्रभूपुढे कुणी वेगळा नाही."

मग दगडखाणीवर परमुलखातले मजूर आले. त्यांतली एक बाई पहिल्याच शनिवारी कागदाच्या पुडीत पीठ घेऊन आली. काळपट, जाडसर. रविवारी पावावर ठिपके दिसले आणि कमिटीत कुजबुज सुरू झाली. माझे यजमान सेक्रेटरी, निरोप घेऊन तेच गेले.

"मावशी, त्यांचं पीठ घ्या, नाही म्हणू नका. फक्त मळू नका."

"देवाला ठिपके चालत नाहीत होय?"

"खोली चर्चची आहे, एवढं लक्षात असू द्या."

सत्तरीची मावशी जाणार कुठे? ती ते पीठ पत्र्याच्या डब्यात टाकू लागली. खाणवाली दर रविवारी विचारायची, "मावशी, आमचं पडलं ना?"

"पडलं गं बाई! मला काय विसरभोळी समजलीस?"

असे अकरा रविवार गेले. खाणीच्या धुळीने त्या बाईची छाती पोखरली होती. ती अंथरुणाला खिळली. पाळकसाहेब तिच्यासाठी पाव घेऊन निघाले, तेव्हा मावशी आणि मी बरोबर होतो. तिला श्वास पुरत नव्हता, तरी तिने तेच विचारलं. मावशीने होकारार्थी मान हलवली. बाईने घास गिळला. मंगळवारी ती गेली.

दफन करून परतताना मावशी मला म्हणाली, "मरणाऱ्या बाईशी खोटं बोलले. तुझ्या यजमानांना सांग, खोली तुमची तुम्हाला लखलाभ."

पुढच्या रविवारी पाव काळा आला. डब्यातलं सगळं पीठ त्यात होतं, कुबट झालेलं, जाळं धरलेलं. लोकांनी तुकडे रुमालात थुंकले. यजमानांनीही. मी गिळला, मोठ्या मनाने नव्हे, मावशी समोरून बघत होती म्हणून.

आठवड्याभरात तिची ट्रंक बाहेर निघाली. भाचीने तिला नेलं. पुढचं मला ठाऊक नाही. माझ्या डायरीत त्या तारखेला एवढंच आहे: "मावशी गेली. थंडी फार."

आता पाव बेकरीतून येतो. पांढरा, सुबक, आयता कापलेला. शनिवारी कुणी पुडी घेऊन निघत नाही. पाळकसाहेब नवे आहेत. वाक्य तेच.