भऱ्याच्या अंगणात आलेली चुन्याची घाणी

मालतीबाईंची आणि माझी पहिली ओळख आमच्या भरे गावातल्या गोठ्यात झाली. वास्तुकलेच्या निवृत्त प्राध्यापिका गोठ्यात कशाला येतील? बाई बैल मागायला आल्या होत्या. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात बाकीची मंडळी त्यांच्या विद्वत्तेविषयी लिहितीलच. मी बैलाविषयी लिहितो, कारण बैल आमचा होता.

शेजारच्या मावळात, घाटातून पहिली रेल्वे आली त्या काळातलं एक लहान स्टेशन आहे. काळ्या दगडाच्या कमानींचा व्हरांडा, वर कौलं, घंटेऐवजी टांगलेला रुळाचा तुकडा. व्हरांडा इतका खोल का, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. बाईंनी सांगितलं, इथला पाऊस आडवा येतो, उतारू आणि त्यांची बोचकी कोरडी राहावीत म्हणून. सांगताना त्या दगडावरच्या छिन्नीच्या खुणांवरून असा हात फिरवत, जणू कुणाची पाठ थोपटताहेत.

मधली कमान खचली होती. सगळा व्हरांडा पाडून पत्र्याची शेड घालायचं ठरलं होतं. बाईंनी रेल्वेच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवून एवढंच पदरात पाडून घेतलं: मधली कमान पुन्हा बांधा. बांधताना खाली दिलेला लाकडी आधार काढल्यावर ती उभी राहिली तर व्हरांडा वाचेल, नाहीतर सगळाच जाईल.

सिमेंटला बाईंनी साफ नकार दिला. जुन्या दगडाला चुनाच हवा, तोही घाणीच्या दगडी चाकाखाली घोटलेला. माझी पिढी खोल्या बांधून भाड्यानं देणारी, मी मिक्सर सुचवला. बाईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. पण चाक ओढायला बैल कुठला? शेतं ट्रॅक्टरनं नांगरतात, गावात उरलेत ते शर्यतीचे बैल.

आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "बाई, आमचा पाखऱ्या पळणारा हाय. त्याला गोल फिरायचं ठावं न्हाई."

"शिकेल की. मी नाही म्हातारपणी मोबाइल शिकले?"

आप्पा हसले आणि तिथंच फसले.

पाखऱ्याला टेंपोत घालून स्टेशनवर नेलं. टेंपोतून उतरलं की पळायचं, एवढंच त्याला ठाऊक. घाणीला जुंपताच तो जू मोडून सुटला तो थेट फलाटावर. उतारूंची पळापळ झाली. गाडी यायला वेळ होता म्हणून निभावलं. पाहायला आलेले रेल्वेचे साहेब पोट धरून हसले. बाई बाकावर बसल्या, त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, संपलं.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "बैल इथं चालत नाही ना? मग घाणी तुमच्या अंगणात येईल. ओला चुना झाकून ठेवला की टिकतो. टेंपोतून चुनाच इथं आणू."

आणि खरंच, घाणी आमच्या अंगणात आली. शिंगाला हात लावून आप्पा पुढे, पाखऱ्या मागे. चुन्यात गूळ पडे, हिरड्याचं पाणी पडे. स्टेशनला 'इंग्रजांचं धोंडं' म्हणणारे आप्पा पाहुण्यांना "आमची कमान" सांगू लागले. त्यांचे गुडघे सुजले तेव्हा बाईंनी त्यांना बळंच खाटेवर बसवलं आणि पदर खोचून स्वतः पाखऱ्यापुढे चालल्या. पाखऱ्यानं ते चालवून घेतलं. मला तो अजून जवळ येऊ देत नाही.

कमान बांधून झाली, चुना पुरता घट्ट झाला. आधाराच्या पाचरी काढायच्या दिवशी बाई सरळ कमानीखाली जाऊन उभ्या राहिल्या. साहेब ओरडले. बाई हलल्या नाहीत. मग आप्पा काठी टेकत गेले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले. "चुना आमच्या अंगणातला हाय, सायेब. काढा पाचर."

शेवटची पाचर निघाली. बाईंच्या केसांवर थोडी भुकटी पडली. कमान तसूभरही हलली नाही. मी सगळ्यांदेखत रडलो.

आज त्या व्हरांड्यात उतारू बसतात. आमच्या जवळच्या मारुंजीत भाड्यानं राहणारी आयटीतली पोरं सुट्टीला येऊन फोटो काढतात. आता तिथल्या मुसाफिरखान्याच्या दुरुस्तीलाही मंजुरी मिळाली आहे.

बाई, ते काम तुमच्याच हातून व्हायचं आहे, म्हणून तुम्हाला खणखणीत तब्येत आणि भरपूर आयुष्य मागतो. पाखऱ्या आता थकलाय. गोठ्यात नवं खोंड आहे, चांगलं पळेल असं सगळे म्हणतात. पण आप्पा त्याला टेंपोत चढवू देत नाहीत. रोज सकाळी शिंगाला हात लावून अंगणात गोल फिरवतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "आदी बाईंचं काम. शर्यतीचं मागनं बघू."