हयातीचा ओटीपी

युरोपच्या सहलीला निघताना मी एकच मूर्खपणा केला, पण तो अकरा दिवस पुरला. माझं नेहमीचं सिमकार्ड काढून पाकिटात ठेवलं आणि टूरवाल्याने दिलेलं नवं सिम फोनमध्ये घातलं. पाचही देशांत चालेल, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. ते चाललं फक्त स्वागतापुरतं. बसने हद्द ओलांडली की लगेच मेसेज, या देशात तुमचं स्वागत आहे. आणि त्यापाठोपाठ नेट गायब. बायको खिडकीतून बर्फाचे डोंगर बघायची आणि मी मान खाली घालून फोन बंद-चालू करत बसायचो.

मला नेट हवं होतं ते फोटो टाकायला नव्हे. तिकडे गावी, कोंढ्याला, बाबांचा हयातीचा दाखला अडला होता. बाबा कालव्यावर चौकीदार होते. दरवर्षी दिवाळीनंतर आपण जिवंत असल्याचं कळवायचं, नाहीतर पेन्शन थांबते. कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही, हा बाबांचा एकच तोरा, आणि तो त्या पेन्शनच्या जोरावर. दाखला गावातल्या ऑनलाइन केंद्रात निघतो. आधी मोबाइलवर ओटीपी, मग अंगठा. बाबा मोबाइल वापरत नाहीत. "मले कायले पायजे? तू आहेस ना," असं म्हणून त्यांनी प्रत्येक कागदावर माझाच नंबर लावलेला. म्हणजे बाबा जिवंत आहेत हे सांगणारे आकडे माझ्या सिमवर येणार, आणि ते सिम माझ्या पाकिटात, पासपोर्टच्या झेरॉक्समागे.

हे मला दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या वायफायवर कळलं. नाश्ता करत होतो, तेवढ्यात केंद्रातल्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. "दादा, ओटीपी आला काय?" मी घाईघाईने जुनं सिम घातलं. काहीच नाही. निघण्याआधी रोमिंग चालू करायचं राहून गेलं होतं. म्हटलं, आता करू. कंपनीचं ॲप उघडलं, तर ते म्हणे, खात्रीसाठी तुमच्या याच नंबरवर ओटीपी पाठवला आहे. रोमिंगसाठी ओटीपी, आणि ओटीपीसाठी रोमिंग! कस्टमर केअरच्या माणसाला हे समजावताना माझा आवाज इतका चढला, की शेजारच्या टेबलावरची म्हातारी आपली कॉफी उचलून दुसरीकडे जाऊन बसली.

पुढचे तीन दिवस हेच. बाबा रोज केंद्रात जायचे, मी रोज सकाळी वायफाय शोधायचो. फोनच्या चौकटीत बाबांचं नुसतं कपाळ दिसायचं.

"अरे, मी इथं जित्ता उभा आहो," ते एकदा म्हणाले. "हे पोरगी मले पाहून राहिली. मंग तुह्या मोबाइलले काहून विचारते?"

"बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका. फोन तिला द्या."

हे वाक्य मी रोज म्हटलं. नंतर तर कॉल लागणंच बंद झालं. आमच्याकडे रेंजला टॉवर म्हणतात. पॅरिसला त्या जगप्रसिद्ध टॉवरखाली उभा राहून मी फोन वर धरून टॉवर शोधत होतो. बायको म्हणाली, "एक फोटो तरी काढा." मी तिच्यावरही खेकसलो. पेन्शन गेली, असं मी मनात धरूनच चाललो होतो.

नागपूरला विमान उतरलं, मी जुनं सिम घातलं आणि फोन थरथरू लागला. सात ओटीपी, सगळे शिळे. घरी न जाता मी तडक कोंढ्याला गेलो. बाबा अंगणात धान पसरत होते.

"बाबा, दाखला?"

"झाला ना. कवाचाच."

"ओटीपीशिवाय?"

"आला ना ओटीपी. कोनताही नंबर चालते म्हणे. बाजूच्या काकूचा देल्ला. पोरीनं तुले फोन लावला, तं तुले टॉवरच नव्हता."

कोणताही नंबर चालतो! माझं डोकं सणकलं. "मंग पहिल्याच दिवशी काहून नाही देल्ला?"

"ते पोरगी पहिल्याच दिवशी म्हणत होती. मीच म्हटलं, माह्या पोराचाच लाव."

बाबांनी धानावर हात फिरवला.

"आता काकूचाच राहू दे," ते म्हणाले. "ते सकाळ-संध्याकाळ विचारते, भाऊजी, कसे आहा म्हणून. तुले तं ओटीपीच लागते."

मी फोन खिशात टाकला. अकरा दिवसांत एकदाही न विचारलेलं विचारलं. "कसे आहा, बाबा?"

"जित्ता आहो," ते म्हणाले आणि धान पसरू लागले.