टँकची लाईट चालू होती

मित्रांनो, ज्यांच्या घरी समुद्री मासे आणि प्रवाळाचा टँक आहे, त्यांनी हे वाचाच.

आज दुपारी बोईसरला कामावर असताना कळलं, आमच्या चिंचणीत लाईट गेलीय. मागच्याच महिन्यात खास टँकसाठी छोटा इन्व्हर्टर बसवून घेतला होता. तरी जिवाला चैन पडेना. घराची चावी शेजारच्या मावशीकडे असते, म्हणून तिला फोन केला.

ती जाऊन बघून आली. "घरातली लाईट गेली, पन तुज्या टँकची चालू हाय. मासे मस्त दिसतात. काय काळजी करू नको."

मी निवांत कामाला लागलो.

संध्याकाळी घरी आलो तर घरात अजून अंधारच, टँक मात्र निळा झगमगत होता आणि आतलं पाणी अजिबात हलत नव्हतं. पंप बंद! पंपाने पाणी फिरवलं नाही तर मासे गुदमरतात. माझे चारही मासे तळाला मरून पडले होते.

इन्व्हर्टर बसवणाऱ्या वायरमनला फोन लावून ओरडलो. तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच बोललात ना, टँकची लाईट इन्व्हर्टरवर घ्या. घेतली की."

खरंच होतं. मी लाईट म्हणालो ते वीज या अर्थाने. त्याने दिवे जोडले.

आजच मेन स्विच बंद करून बघा. दिवे नका बघू, पाणी हलतंय का ते बघा.

जन्मभर मासे विकलेली मावशी माझा आवाज ऐकून आली, ती अजून टँकसमोरून उठलेली नाही. "पन लाईट तर चालू होती ना रे?" एवढंच परत परत विचारतेय.

काय सांगू तिला?