शेजारच्या फ्रिजमध्ये जागा नव्हती

कपडे शिवणाऱ्या मास्तरांना आपलं पोट सुटल्याचं कळलंच नाही, कारण त्यांची पँट कधी घट्टच झाली नाही. जरा आवळली की ते स्वतःच शिवण उसवून बोटभर कापड सोडायचे आणि गिऱ्हाइकाच्या कामाला लागायचे. सोडायला कापड उरलं नाही, तेव्हा बायकोने त्यांना धरून तपासणीला नेलं.

यकृतावर चरबी साठली होती. अशीच साठत गेली तर पुढे यकृत निकामी होऊ शकतं, हे ऐकून मास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

"दारूचा थेंब घेतला नाही हो कधी!"

"बसून बसूनही होतं हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चाला, वजन उतरवा. पोटातल्या चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूलही देते. मदत होऊ शकते, पण खात्री नाही."

मास्तर चालायचं सोयीस्कर विसरले, कॅप्सूल तेवढ्या लक्षात ठेवल्या. बाटली दुकानात इस्त्रीच्या वरच्या फळीवर विराजमान झाली. महिन्याभराने बायको डबा घेऊन आली आणि तिने बाटलीला हात लावला.

"अहो, जिवंत असतात ना ते? तुम्ही तर पार उकडून काढलेत!"

नवी बाटली थंडाव्यात ठेवायची ठरली. मास्तर शेजारच्या औषधवाल्याकडे गेले.

"फ्रिजमध्ये जागा नाही, मास्तर," तो म्हणाला.

मग बाटली घरी राहिली, आणि घर वीस मिनिटांवर. कॅप्सूल जेवणानंतरची, म्हणून बायकोने डबाही बंद केला. मास्तर रोज दुपारी चालत जायचे, चालत यायचे आणि वाटेत औषधवाल्याच्या नावाने बोटं मोडायचे.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. चरबी बरीच उतरली होती.

"कॅप्सूलने?"

"चालण्याने आणि वजन उतरल्याने, हे नक्की. कॅप्सूलचा वाटा किती, ते नाही सांगता येणार."

आनंदाची बातमी द्यायला मास्तर औषधवाल्याकडे शिरले, तर फ्रिज उघडा आणि निम्मा रिकामा!

"लबाडा!"

"माझ्यावर कशाला डाफरता? वहिनींनी दम दिला होता. बाटली ठेवून घेतलीस तर गाठ माझ्याशी आहे, म्हणाल्या."

मास्तर आपल्या दुकानात शिरले. टाचण्यांची डबी खिशात टाकून ते घरी गेले. बायको दारातच म्हणाली, "एवढ्या लवकर? काय सांगितलं डॉक्टरांनी?"

"कंबर आत घ्यायला सांगितलीय. धर टाचण्या."

गिऱ्हाइकासारखे ते तिच्यापुढे ताठ उभे राहिले.

"किती घेऊ?" तिने विचारलं.

मास्तरांनी दोन्ही हात वर केले. "तू म्हणशील तेवढी."